रिपोर्टवरचा बाण : हृदयाचं हार्मोन वारशाने कमी-जास्त असतं का?

शेंडेफळ
बाबा दोन वर्षं हार्ट फेल्युअरने आजारी होते, मागच्या वर्षी गेले. त्यानंतर दादाने (५१) आणि मी (४६) हृदयाची तपासणी करून घेतली. त्यात एनटी-प्रोबीएनपी नावाची रक्तचाचणी होती. माझी आली १६८, दादाची ४१. लॅबची वरची मर्यादा १२५. त्यामुळे माझ्या आकड्याला जाड ठसा आणि वर तोंड केलेला बाण, तर दादाचा कागद कोरा करकरीत.

आता गंमत बघा. दादाचं वजन ९४ किलो, सहा वर्षं बीपीची गोळी चालू. जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर फोन आल्याचं नाटक करून थांबतो. मी आठवड्यातून चार दिवस पळते, बीपी १०४/६६. डॉक्टरांनी माझा ईसीजी काढला, इको केला, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन पाहिलं, सगळं नॉर्मल. "काही जणांचं मुळातच जास्त असतं" म्हणाले आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. दादाने घरच्या ग्रुपवर दोन्ही कागद शेजारी शेजारी टाकून खाली लिहिलं, "शेंडेफळाचं मन मोठं, हृदयही मोठं!"

तर प्रश्न असा, की 'मुळातच' म्हणजे नक्की कुठे? हे जनुकांत असतं का? असेल तर ते चांगलं की वाईट? आणि दादाच्या ४१ वर खरंच खूश व्हायचं का?

उंटावरून_शेळ्या
मी पयला!
पळणं थांबव, बाण आपोआप खाली येईल. हलकं घ्या.

पिपेट
@उंटावरून_शेळ्या, तुम्ही चेष्टेत म्हणालात, पण त्यात तथ्य आहे. @शेंडेफळ, रक्त देण्याच्या आदल्या दिवशी किती पळाला होतात?

मी लॅबमध्येच असते म्हणून थोडं लिहिते. हृदयाचा स्नायू ताणला गेला की तो १०८ अमिनो आम्लांची एक साखळी बनवतो, प्रोबीएनपी. तिचे दोन तुकडे होतात. ३२ चा तुकडा म्हणजे बीएनपी, हे काम करणारं हार्मोन. उरलेला ७६ चा तुकडा म्हणजे एनटी-प्रोबीएनपी, तो नुसता रिकामा खोका. बीएनपी रक्तात साधारण २० मिनिटांत निम्मं होतं. खोका तास-दोन तास टिकतो, म्हणून मोजायला सोपा.

लांब पल्ल्याच्या धावण्यानंतर हा आकडा तात्पुरता चढतो. शिवाय ठणठणीत माणसातही तो दिवसागणिक बऱ्यापैकी हलतो. १६८ ऐवजी पुढच्या आठवड्यात १३० आला तर औषध लागू पडलं असं समजू नका, आणि १९० आला तर रडू नका.

अजून एक. केस-नखांसाठी बायोटिनचा मोठा डोस घेत असाल तर आधी सांगा. काही यंत्रांवर त्याने हा आकडा खोटाच कमी दिसतो. तुमच्या बाबतीत नाही, पण दादांना विचारा!

शेंडेफळ
अगं बाई. आदल्या दिवशी रविवार होता. १८ किलोमीटर.
दादा आणि केसांची गोळी? त्याला केसच नाहीत.

स्पंदन
धागा चांगला आहे. पेशंट बघता बघता लिहितोय, तुटक वाटलं तर सांभाळून घ्या.

हृदय नुसता पंप नाही, ती ग्रंथीही आहे. वरच्या कप्प्यांतून, म्हणजे कर्णिकांतून, एएनपी निघतं. बीएनपी मुख्यतः खालच्या कप्प्यांतून, म्हणजे जवनिकांतून, त्यातही त्या ताणल्या गेल्या की. दोघांचं काम एकच. मूत्रपिंडाला सांगायचं की मीठ आणि पाणी सोड, रक्तवाहिन्यांना सांगायचं की सैल व्हा. शरीरात दाब वाढवणारी हार्मोन्स ढीगभर आहेत. उतरवणारी मोजकी, त्यातली ही दोन.

धरण डोळ्यापुढे आणा. पाणी वाढलं की दरवाजे उघडतात आणि खाली विसर्ग सुरू होतो. नदीकाठचा माणूस विसर्गाच्या आकड्यावरून ओळखतो की वर धरण भरलंय. बीएनपी चाचणीचं तर्कशास्त्र हेच. धाप लागलेल्या माणसाचा एनटी-प्रोबीएनपी ३०० च्या खाली असेल तर अचानक झालेलं हार्ट फेल्युअर बहुधा नाही. पन्नाशीच्या आतल्या माणसाचा ४५० च्या वर असेल तर संशय पक्का, पंचाहत्तरीच्या पुढे मात्र तोच उंबरठा १८०० वर जातो.

पण एखाद्या धरणाचा दरवाजा मुळातच बोटभर जास्त उघडा असेल तर? विसर्ग जास्त, पाणीपातळी कमी. धरण उलट सुरक्षित. @शेंडेफळ, तुमचं बीपी १०४ आणि इको साफ आहे, म्हणून मला तुमच्याबाबत हीच शक्यता वाटते. पडद्यावरून निदान करत नाही, शक्यता सांगतोय. त्यात बाईमाणूस आणि सडपातळ. बायकांत हा आकडा पुरुषांपेक्षा जास्तच असतो, आणि लठ्ठपणात तो खाली येतो.

शेवटच्या वाक्यावर दादांनी विचार करावा.

टिवल्याबावल्या
म्हणजे दादांचा दरवाजा गंजलाय. 😄

स्पंदन
हसण्यावारी नेऊ नका, जवळपास तसंच आहे. वजन जास्त असलेल्यांत हे हार्मोन कमी सापडतं, हे अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावच्या हृदयविकाराच्या अभ्यासात २००४ साली दिसलं आणि नंतर पुन:पुन्हा दिसत आलंय. त्यामुळे लठ्ठ माणसाचा कमी आकडा पाहून निर्धास्त होणं धोक्याचं. हृदयावर ताण असूनही आकडा गप्प राहू शकतो.

धडधड
माझा अनुभव लिहू का? जरा लाजिरवाणा आहे.

मला अधूनमधून अचानक धडधड सुरू होते, नाडी १८० वर. नंतर कळलं की त्याला एसव्हीटी म्हणतात. पहिल्यांदा झालं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते. पलंगाच्या कडेला बसून मनगटावर बोट ठेवलं तर मोजताच येईना. अर्ध्या तासाने जसं सुरू झालं तसंच खटकन थांबलं. आणि मग जी लघवीला लागली! तासाभरात तीनदा गेले, तीही नळाच्या पाण्यासारखी पांढरी स्वच्छ. मी डॉक्टरांना धडधडीचं सांगितलं, हे नाही सांगितलं. भीतीने झालं असेल असं समजले.

चार वर्षांनी दुसऱ्या डॉक्टरांनी स्वतःहून विचारलं, "झटका गेल्यावर भरपूर लघवी होते का हो?" मी बघतच राहिले.

स्पंदन
अगदी पुस्तकातलं लक्षण. ठोके इतके वेगात पडले की कर्णिकांमधला दाब वाढतो, त्या ताणल्या जातात आणि एएनपी सुटतं. त्याचा साठा कर्णिकांच्या पेशींत कणांच्या रूपात तयारच असतो, त्यामुळे परिणाम लगेच दिसतो. बीएनपीचं तसं नाही, त्यासाठी जनुक चालू करून ताजा माल काढावा लागतो. पेशंट ही गोष्ट सांगत नाहीत आणि आम्ही विचारत नाही, दोन्हीकडून चूक.

टिवल्याबावल्या
पोहायला पाण्यात उतरलं की पाच मिनिटांत लागते, ती पण हीच का? (मित्रासाठी विचारतोय.)

तळटीप
मित्राला सांगा, बऱ्याच अंशी हीच. गळ्यापर्यंत पाण्यात उभं राहिलं की पायांतलं रक्त छातीकडे ढकललं जातं, कर्णिका फुगतात. हृदयाला वाटतं शरीरात पाणी जास्त झालं.

या शोधाची हकीकत मला फार आवडते. १९५६ साली गाउअर आणि हेन्री यांनी कुत्र्याच्या डाव्या कर्णिकेत छोटा फुगा फुगवून दाखवला, लघवी वाढली. त्याच वर्षी ब्रुनो किश यांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली गिनीपिगच्या कर्णिकेत बारीक कण दिसले, हुबेहूब ग्रंथींच्या पेशींत असतात तसे. पंपात ग्रंथीचे कण कशाला, हे पुढची पंचवीस वर्षं कोडंच राहिलं. १९८१ मध्ये कॅनडात अडोल्फो द बोल्ड यांनी उंदराच्या कर्णिकांचा अर्क काढून दुसऱ्या उंदरांना टोचला. उंदरांनी मीठ-पाण्याचा असा काही निचरा केला की वाद संपला.

बीएनपीतल्या बी चा अर्थ माहीत आहे का? ब्रेन! १९८८ मध्ये जपानी संशोधकांना ते डुकराच्या मेंदूत सापडलं. मग कळलं की खरा कारखाना हृदयात आहे, पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

उंटावरून_शेळ्या
इतिहास झाला, मूत्रशास्त्र झालं. बाईंनी जनुकांचं विचारलंय. कोणी सांगणार आहे का?

जनुकवाली
आले, आले. दिवसभर वाचत होते, लिहायला आत्ता सवड मिळाली. लांबण लागणार आहे.

एएनपीचं जनुक एनपीपीए, बीएनपीचं एनपीपीबी. दोन्ही पहिल्या गुणसूत्राच्या आखूड भुजेवर अगदी लागून आहेत, भिंतीला भिंत लावून असलेली दोन घरं. रक्तातल्या पातळीत माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातला साधारण तिसरा हिस्सा किंवा थोडा जास्त वारशाने येतो असं कुटुंबांच्या अभ्यासांतून दिसलं आहे. उरलेला वय, लिंग, वजन, मूत्रपिंड आणि अर्थातच हृदयाची अवस्था यांचा.

आता दोन ठिकाणं बघू. पहिलं, एनपीपीएच्या शेपटीकडचं आरएस ५०६८ (डीएनएमधल्या एका जागेचा नोंदणी क्रमांक). तिथे बहुतेकांकडे ए हे डीएनएचं अक्षर असतं, काहींकडे जी. युरोपीय वंशाच्या शंभर जणांत दहा-बारा जणांकडे जी ची एक प्रत सापडते. ज्यांच्याकडे जी आहे त्यांचं एएनपी जास्त, दीडपटीपर्यंत. २००९ च्या मोठ्या अभ्यासात त्यांचं बीपी किंचित कमी निघालं आणि उच्च रक्तदाबाची शक्यता सुमारे १५ टक्क्यांनी कमी.

हे का होतं, ते २०१३ मध्ये उलगडलं, आणि मला तो भाग फार देखणा वाटतो. पेशीत मायक्रोआरएनए नावाचे चिमुकले तुकडे असतात. जनुकाचा निरोप घेऊन निघालेल्या आरएनएला ते चिकटतात आणि निरोप अर्ध्यातच दाबतात. त्यातला ४२५ क्रमांकाचा तुकडा एएनपीच्या निरोपाला बरोबर त्या ए पाशी चिकटतो. ए च्या जागी जी असला की त्याला पकडच मिळत नाही. निरोप सुटतो, हार्मोन जास्त बनतं. तीन अब्ज अक्षरांतलं एक अक्षर, आणि तेही प्रथिनाच्या रचनेत नाही, निरोपाच्या शेपटीत!

दुसरं ठिकाण एनपीपीबीच्या दारातलं, आरएस १९८३८९. जनुक किती जोरात वाचायचं ते ठरतं त्या भागात. @शेंडेफळ यांच्या चाचणीशी थेट संबंध याचा, कारण ती बीएनपीच्या साखळीचा तुकडा मोजते. इथे जी असणारे दुर्मीळ नाहीत, बऱ्याच लोकांकडे असतो. एआरआयसी या अमेरिकी अभ्यासात जी च्या दोन प्रती असलेल्यांचा एनटी-प्रोबीएनपी जास्त, बीपी कमी आणि हृदयविकाराने होणारे मृत्यू कमी असं २०१७ मध्ये प्रसिद्ध झालं. पन्नाशीनंतरचं आयुष्य सरासरी आठ महिन्यांनी जास्त.

वरवर हे उलटंच वाटतं. दवाखान्यात हाच आकडा जास्त असलेला माणूस जास्त धोक्यात असतो. पण तिथे हृदय दमलंय म्हणून हार्मोन वाढलंय. इथे जन्मापासूनच थोडं जास्त आहे आणि त्यामुळे हृदयावरचा भार कमी राहिलाय. आकडा एक, गोष्टी दोन. स्पंदन यांचं धरण मला म्हणूनच आवडलं.

टिवल्याबावल्या
आठ महिन्यांचा बोनस! शेंडेफळताई, पार्टी.

उंटावरून_शेळ्या
@जनुकवाली, लेख उत्तम, पण आकड्यांकडे बघू या. 'किंचित कमी' म्हणजे किती? मी शोधलं, वरचं बीपी एक-दीड मिलिमीटर. अहो, बीपीचा पट्टा सैल बांधला तर याहून जास्त फरक पडतो. यावर एवढं काव्य?

जनुकवाली
एका माणसासाठी क्षुल्लकच, मान्य. आरएस ५०६८ पाहून कोणाचं बीपी सांगायला बसले तर हात दाखवून अवलक्षण होईल. पण प्रश्न किती मिलिमीटर हा नसून कोण कोणामुळे हा आहे. अक्षर जन्माआधी ठरतं. नंतरचं वजन, ताणतणाव, औषधं ते बदलू शकत नाहीत. त्यामुळे अक्षर बदलल्यावर हार्मोन आणि बीपी दोन्ही बदलत असतील, तर हार्मोनमुळे बीपी उतरतं असं म्हणायला पाया मिळतो. निसर्गानेच चिठ्ठ्या टाकून केलेला प्रयोग म्हणा.

शिवाय उंदरांत हे ढळढळीत दिसलंय. १९९५ साली एएनपीचं जनुक काढून टाकलेले उंदीर तयार केले. त्यांतल्या काहींचं बीपी मीठ वाढवलं की चढायचं. त्या प्रयोगात ऑलिव्हर स्मिथीज होते, ज्यांना पुढे २००७ चं नोबेल मिळालं.

उंटावरून_शेळ्या
बरं, 'कोण कोणामुळे' हे पटलं. काव्य माफ.

नवी_नवलाई
मी एका कंपनीकडून थुंकी देऊन जनुकं तपासून घेतली होती. कच्ची फाइल उघडून बघितली. आरएस ५०६८ वर माझं ए ए आहे. 😟 म्हणजे मला बीपी होणार?

जनुकवाली
अहो, बहुसंख्य जगाचं ए ए आहे! माझंही. बीपीवर परिणाम करणाऱ्या जागा शेकड्यांनी सापडल्या आहेत, ही त्यातली एक. फाइल मिटा, यंत्र आणा, पाच मिनिटं शांत बसून बीपी मोजा. त्या फाइलपेक्षा ते जास्त सांगेल.

आणि 'हार्मोन जास्त तितकं भलं' असंही धरून बसू नका. २००८ मध्ये एका कुटुंबात एनपीपीएमधला बदल सापडला होता. त्यामुळे एएनपी नेहमीच्या २८ ऐवजी ४० अमिनो आम्लांचं बनायचं आणि रक्तात रेंगाळायचं. त्या घरातल्या लोकांना एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे कर्णिकांची अनियमित फडफड, पिढ्यान्‌पिढ्या होत आलेली.

तिसरा_ठोका
तीन वर्षांपासून हार्ट फेल्युअरचा पेशंट आहे, पंपिंग (दर ठोक्याला जवनिकेतलं किती टक्के रक्त बाहेर पडतं ते) ३० टक्क्यांवरून ४२ वर आलंय. मी सॅक्युबिट्रिल-वाल्सार्टनची गोळी घेतो. तिचं काम या धाग्यातच बसतं म्हणून सांगतो.

शरीरात नेप्रिलायसिन नावाचं विकर (एन्झाइम) आहे, ते एएनपी आणि बीएनपी तोडतं. सॅक्युबिट्रिल त्या विकराला अडवतं, म्हणजे आपलंच हार्मोन जास्त वेळ टिकतं. २०१४ ची पॅराडाइम-एचएफ चाचणी ८,४४२ पेशंटांवर झाली होती. जुन्या औषधाच्या तुलनेत हृदयविकाराने मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरमुळे भरती होणं २० टक्क्यांनी कमी झालं.

माझी फजिती अशी झाली. गोळी सुरू करून दोन महिने झाले होते, मला छान वाटत होतं. प्रवासात जरा बरं वाटेना म्हणून एका अनोळखी दवाखान्यात गेलो. त्यांनी बीएनपी केलं. मागच्यापेक्षा बरंच वाढलेलं. लगेच "आजार बळावलाय, भरती व्हा". बायकोने पिशवी भरायला घेतली. मी माझ्या नेहमीच्या डॉक्टरांना फोन लावला. ते शांतपणे म्हणाले, "एनटी-प्रोबीएनपी करून घ्या." तो पूर्वीपेक्षा कमी निघाला. गोळीने बीएनपीच तुटायचं थांबवलंय, मग ते वाढलेलं दिसणारच! खोक्याला नेप्रिलायसिन हात लावत नाही, म्हणून तो खरं बोलतो.

बायकोने पिशवी तशीच भरलेली ठेवली आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. का ते अजून कळलेलं नाही.

पिपेट
+१००. ही गोळी घेणाऱ्याने लॅबमध्ये येताना नाव सांगितलं पाहिजे. आणि सगळ्यांनीच, आपली कोणती चाचणी झाली ते वाचा. बीएनपी आणि एनटी-प्रोबीएनपी यांचे आकडे एकमेकांशी ताडून बघायचे नसतात. गेल्या आठवड्यात एक गृहस्थ दोन वेगळ्या चाचण्यांचे कागद हलवत आले, "तीन महिन्यांत पाचपट?" म्हणून.

उंटावरून_शेळ्या
मग हार्मोनच सरळ शिरेतून का देत नाहीत?

स्पंदन
देऊन झालं. नेसिरिटाइड, म्हणजे कारखान्यात बनवलेलं बीएनपी, २००१ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं होतं. २०११ मध्ये सात हजारांवर पेशंटांची चाचणी झाली. मृत्यू किंवा पुन्हा भरती होणं यात म्हणावा असा फायदा नाही, बीपी मात्र जास्तच उतरायचं. आयुष्यभर मिळणारं थेंबभर वेगळं, आणि दमलेल्या हृदयाला दोन दिवस ओतलेलं वेगळं.

खडूस_आजोबा
वय ७१. रात्री चार वेळा उठत होतो. सगळे म्हणाले प्रोस्टेट. प्रोस्टेटची गोळी झाली, चार वरून फार तर साडेतीन. मग नातीने माझं घोरणं रेकॉर्ड करून ऐकवलं. घोरता घोरता मध्येच पूर्ण शांतता, मोजून २२ सेकंद, आणि मग बुडता माणूस वर आल्यासारखा आवाज. ऐकून माझीच मला भीती वाटली. झोपेची तपासणी केली, स्लीप अ‍ॅप्निया निघाला. रात्री श्वासनळी उघडी ठेवणारा हवेचा मास्क लावतो. आता एकदा उठतो.

डॉक्टर म्हणाले, श्वासनळी बंद असताना छाती ओढ घेते, त्या ओढीने कर्णिका ताणल्या जातात आणि हृदय ते तुमचं एएनपी सोडतं. सत्तर वर्षं हृदयाने इमानाने काम केलं आणि उतारवयात पाण्याचा हिशेब चुकवायला लागलं. @शेंडेफळ, तुझा दादा घोरतो का गं?

शेंडेफळ
आजोबा, वहिनी दुसऱ्या खोलीत झोपते. एवढंच सांगते.

कुंपणावर
थोडं अवांतर. आपल्या उपखंडातल्या लोकांत हृदयाचं एक जनुक खराब असतं असं ऐकलं होतं. ते हेच का?

जनुकवाली
नाही, ते मायबीपीसी३. हार्मोनचं नव्हे, हृदयाच्या स्नायूच्या बांधणीचं. त्यातली २५ अक्षरं गळालेला प्रकार भारतीय उपखंडातल्या सुमारे ४ टक्के लोकांत सापडतो असं २००९ मध्ये प्रसिद्ध झालं. तेव्हा धोका बराच मोठा सांगितला गेला. पुढच्या कामातून दिसलं, की धोक्याचा मोठा भाग त्याच जनुकात सोबत असलेल्या आणखी एका बदलामुळे असावा. म्हणजे त्या चार टक्के लोकांनी घाबरून जायचं कारण नाही.

स्पंदन
पण @कुंपणावर यांच्या प्रश्नावरून मला एक महत्त्वाचं विचारायचं राहिलं ते आठवलं. @शेंडेफळ, बाबांचं हार्ट फेल्युअर कशामुळे झालं होतं? हा आजार एकच नाही, अनेक रस्ते तिथे जाऊन मिळतात. रक्तवाहिनी बंद होऊन झटका आला, त्यात स्नायू मेला, म्हणून झालं? की स्नायूच मुळात पातळ आणि ढिला होत गेला, डायलेटेड कार्डिओमायोपॅथी? घरात चालत आलेल्या दुसऱ्या प्रकारात जवळपास चौथ्या हिश्श्यात टायटिन या प्रथिनाच्या जनुकात बिघाड सापडतो. तिथे मुलांच्या तपासणीचा मार्गच वेगळा. तुम्ही १६८ च्या वारशामागे लागला आहात, पण विचारण्यासारखा वारसा हा आहे.

शेंडेफळ
काय सांगू. आम्ही कोणी हे विचारलंच नव्हतं. दोन वर्षं 'हार्ट कमकुवत आहे' एवढंच ऐकत होतो. कपाटात त्यांची फाइल आहे. ती उघडायची हिंमत होत नाहीये, पण रविवारी उघडते.

धडधड
सावकाश गं. घाई नाही.

शेंडेफळ
(नऊ दिवसांनी)

फाइल उघडली. दादा आणि मी, दोघांनी बसून. प्लॅस्टिकच्या पाकिटात बाबांचं चष्म्याचं बिल पण निघालं, त्यात अर्धा तास गेला.

डिस्चार्जच्या कागदावर स्पष्ट लिहिलंय. डाव्या बाजूची मुख्य उतरती वाहिनी बंद, समोरच्या भिंतीवर जुन्या झटक्याची खूण. म्हणजे बाबांना कधीतरी झटका येऊन गेला होता आणि तो कोणाला, बहुधा त्यांनाही, कळला नाही. ५८ चे असताना एकदा 'अ‍ॅसिडिटी' म्हणून दोन दिवस पडून होते. आईला ते दिवस अजून आठवतात.

माझी चाचणी पुन्हा केली, तीन दिवस न पळता. १३९. बाण आहेच, पण लहान झाल्यासारखा वाटला. डॉक्टरांनी यात आणखी काही करायचं नाही असं सांगितलं.

दादाचा इको मी हट्टाने करवून घेतला. पंपिंग चांगलं आहे, पण डाव्या जवनिकेची भिंत १३ मिलिमीटर, जाड झालीये. बीपीमुळे. ४१ च्या कागदावर याचा मागमूस नव्हता. त्याने ग्रुपवरचा तो मेसेज काढून टाकलाय. मी स्क्रीनशॉट ठेवलाय.

स्पंदन
फाइल उघडलीत हे उत्तम केलंत. आता दिशा बदलली. टायटिनची चिंता बाजूला ठेवा. दोघांनीही कोलेस्टेरॉल बघा आणि आयुष्यात एकदा लायपोप्रोटीन (ए) ही रक्तचाचणी करून घ्या. ते जवळजवळ पूर्ण वारशानेच ठरतं आणि वाहिन्यांशी थेट संबंधित आहे. दादांचं बीपी घरी मोजून आठवड्याचा तक्ता करा. गोळी चालू आहे म्हणजे बीपी आटोक्यात आहे असं नाही. भिंत १३ म्हणतेय की नाहीये.

उंटावरून_शेळ्या
पट्टा घट्ट बांधा म्हणावं.

तळटीप
वाचनखूण साठवली आहे. मूळ प्रश्नाची तीन उत्तरं मिळाली. जनुकांत असतं का, काही अंशी. चांगलं की वाईट, बहुधा चांगलं. आणि ४१ वर खूश व्हायचं का, तर नाही.

जनुकवाली
'काही अंशी' खाली दोन रेघा मारा. ताईंकडे ते अक्षर आहे की नाही हे आपण तपासलेलं नाही. बाई, सडपातळ आणि पळणारी, एवढ्यानेही १३९ होऊ शकतो.

शेंडेफळाचा_दादा
नमस्कार. सभासद होऊन पंधरा मिनिटं झाली, धागा पूर्ण वाचला. केसांबद्दलचं वाक्य काढायची सोय आहे का?

दुसरं, आजोबा, मास्क लावून कुशीवर झोपता येतं का? शुक्रवारी झोपेची तपासणी आहे.

खडूस_आजोबा
येतं. पहिले चार दिवस नळी गळ्याशी येते आणि शिव्या द्याव्याशा वाटतात. नळी डोक्यावरून मागे घ्यायची. शुक्रवारी जाताना आपली उशी घेऊन जा, तिथल्या फार चपट्या असतात.